ड्रिलचा तास

गुरुजींनी माझा उजवा पाय वर्गातल्या लाकडी खांबाला बांधला. सुतळी चिक्कीच्या दुकानदाराच्या मुलाने दिली. ती त्याच्या दप्तरात आधीपासून होती.

"गुरुजी, दोन गाठी मारा," तो म्हणाला. "एक तर ही दातांनी तोडेल."

वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्यांनी दुसरी गाठ मारली. मग मुलं रांगेने मैदानात गेली. ड्रिलचा तास होता. मी चौथीत होते. नऊ वर्षांची.

माझा गुन्हा असा: गणिताच्या तासाला मी तीनदा जागेवरून उठले. शिक्षा अशी: ड्रिल बंद. किती दिवस, ते सांगितलं नाही.

शाळा लोणावळ्यातली. साठच्या दशकाची सुरुवात. मी वलवणच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीतून चालत येत असे. वाडीतून त्या वर्गात मी एकटीच. त्यामुळे मी उठले की वाडी उठली. मी पाटी फोडली की वाडीने फोडली. "रानातली माणसं. बूड टेकतच नाही," असं गुरुजी माझ्यासमोरच म्हणत.

बूड खरंच टेकत नव्हतं. ते लपवायचं कारण नाही. आज डॉक्टरांकडे अशा मुलांसाठी नाव आहे. तेव्हा शब्द एकच होता: माकड. हातपाय माझं ऐकत नसत. मी उंबऱ्याला अडखळायचे. कळशी सांडायचे. अक्षर ओळ सोडून खाली घसरायचं. आणि झोप येत नसे. मी पुन्हा उठू नये म्हणून आई स्वतःचा पाय माझ्या पायांवर टाकून झोपायची.

आधी असं नव्हतं. तिसरीपर्यंत मी सकाळी आईबरोबर मोळी घेऊन तुंगार्लीच्या बंगल्यांवर जायचे. उतार, चढ, पुन्हा उतार. तेव्हा झोप लागायची. चौथीत गेल्यावर आईने माझी मोळी बंद केली.

"शिकनाऱ्या पोरीनं वझं न्हाई व्हायाचं," ती म्हणाली.

तिने मला मान दिला होता. मानाबरोबर झोप गेली. दोन्हींचा संबंध वाडीत कुणाच्या लक्षात आला नाही. वडील मला भगताकडे घेऊन गेले. भगताने कोंबडी घेतली. झोप आली नाही.

दिवाळीनंतर ड्रिलच्या नव्या बाई आल्या. स्नेहसंमेलनासाठी रोज लेझीम सुरू झाली. पहिल्या दिवशी माझी लेझीम शेजारणीच्या कपाळाला लागली. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मला रांगेच्या टोकाला, मोकळ्या बाजूला उभं केलं.

"मोठ्याने मोज," त्या म्हणाल्या. "पाय मागून येईल."

मी मोजलं. आठवडाभर पाय आला नाही. मग एका दुपारी आला. चौथ्या आकड्याला वळायचं होतं आणि मी वळले होते. सगळ्यांबरोबर. महिना-दीड महिन्यात बसून, उठून, वाकून लेझीम करता येऊ लागली. कळशी कमी सांडू लागली. अक्षर वर सरकलं, सगळं नाही.

एका सकाळी आई म्हणाली, "आडवी झाली ती उजाडल्यावरच उटली. काय दिलं गं बाईनी तुला?"

"कायबी न्हाई. नाचीवलं."

मी वाढवून सांगत नाही. वर्गातली चुळबुळ राहिलीच. पण ड्रिल झालं त्या दिवशी झोप. नाही झालं, त्या दिवशी नाही. एवढं मला नवव्या वर्षी कळत होतं. गुरुजींना कळत नव्हतं, आणि त्यांनी नेमकं तेच काढून घेतलं. मला ड्रिलला का सोडत नाही, असं बाईंनी त्यांना विचारलं.

"वर्ग माझा आहे," गुरुजी म्हणाले.

सहा दिवस मी खांबाला. सहाही रात्री जागी. सातव्या दिवशी बाहेर मोजणं सुरू झालं. मी वाकले. दोन्ही गाठी सोडल्या. हातांनी. मैदानात गेले आणि रांगेच्या टोकाला उभी राहिले. बाईंनी माझ्या हातात लेझीम दिली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आईला बोलावून घेतलं. ती बंगल्यावरची भांडी तशीच टाकून आली. दाराबाहेर उभी राहिली. आत ये, असं तिला कुणी म्हटलं नाही.

"परीक्षेपर्यंत ही ड्रिलच्या तासाला बांधलेली बसेल," गुरुजी म्हणाले. "नाहीतर नाव काढतो. घेऊन जा वाडीवर."

आईने हात जोडले.

"बांधा गुरुजी. लागंल तर दोनी पाय बांधा. पन नाव काढू नगा."

या वेळी वर्ग हसला नाही. बंगल्यावर कुणी वाकडं बोललं तर तिथेच उत्तर देऊन येणारी माझी आई. ती माझे पाय बांधायला सांगत होती. मला शिकवायचं म्हणून.

"आये, हात खाली घे," मी म्हणाले. मग गुरुजींकडे वळले. "मी बांधून घेनार न्हाई. साळा बी सोडनार न्हाई."

"उलट बोलतेस?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव घेतलं नाही. मी वर्गात बसले. ड्रिलच्या घंटेला उठले आणि रांगेत जाऊन उभी राहिले. तिसऱ्या दिवशीही नाव घेतलं नाही. तिसऱ्या दिवशीही उभी राहिले. माझं ठरलं होतं. त्यांना मला उचलून बाहेर टाकावं लागेल, आणि तेही रोज. माझ्या पायांनी मी जाणार नव्हते.