चेष्टाकाका

पद्माकरने आयुष्यभर एकच काम केलं. दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्याचाच पगार घेतला.

मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो क्वालिटीत होता. अठ्ठ्याण्णव साली कंपनीने त्याला चिंचवडहून इकडे आणलं, तेव्हा गुडगावात मोहरीची शेतं होती आणि त्या शेतांत बिल्डरांचे उंच इमारतींची चित्रं काढलेले बोर्ड. बोर्ड खरे निघाले, शेतं गेली, गुडगावचं गुरुग्राम झालं. पद्माकर मात्र होता तसाच राहिला. एक तुकडा केसभर जाड निघाला, तरी अख्ख्या लॉटला लाल चिठ्ठी. मग डिस्पॅचमधून अनुराग धापा टाकत यायचा.

"यार पद्या, ट्रक उभा आहे. जाऊ दे ना!"

"नाही जाणार."

एकवीस वर्षं हे भांडण चाललं. आणि रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये हेच दोघे एका सीटवर बसून सिनेमावरून भांडायचे. कारखान्यात दोनच मराठी माणसं, जाणार कुठे? अनुरागला प्रत्येक सिनेमा आवडायचा. नायकाचं घड्याळ एका दृश्यात डाव्या हाताला आणि पुढच्यात उजव्या हाताला असं दाखवून दिलं, तरी हा म्हणायचा, "पण मला रडू आलं ना!" पद्माकर कपाळाला हात लावायचा.

दोघे निवृत्त झाले आणि पद्माकर घरात बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या फोडणीला लाल चिठ्ठ्या लावू लागला. त्याची मुलगी अबोली पुण्याला नोकरीला. तिनेच आईच्या जिवाची दया येऊन एक माइक पाठवला आणि फोनवर बजावलं, "बाबा, बसमध्ये भांडायचात ना, तेच भांडा. लोक ऐकतात असलं." असा 'पास का रिजेक्ट' हा पॉडकास्ट सुरू झाला. मराठी सिनेमे, दोन काका, दर रविवारी.

आवाज घुमू नये म्हणून रेकॉर्डिंग बेडरूममध्ये, सुनंदाच्या साड्यांचं कपाट उघडून. वेळ अकराची, अनुराग येणार पावणेबाराला, तेही कचोऱ्या घेऊन. माइकसमोर कचोरी कुरकुरीत वाजते हे पद्माकरने त्याला किती वेळा सांगावं? "अच्छा, सॉरी," म्हणायचा आणि तोंडातली संपवता संपवता दुसरी उचलायचा. फोन बंद करायचा नाही. सिनेमाचा शेवट पहिल्या मिनिटाला सांगून टाकायचा. पद्माकरचं रक्त आटायचं.

पहिल्याच भागात ते झालं. एका नवख्या दिग्दर्शकाचा सिनेमा होता. पद्माकरने सतरा चुका वाचून दाखवल्या. मग अनुराग गहिवरून म्हणाला, "काही पण म्हण, दिग्दर्शकाने फार चांगली चेष्टा केली आहे."

पद्माकरला ठसका लागला. मग लक्षात आलं, हा हिंदीतली चेष्टा बोलतोय. म्हणजे प्रयत्न. अनुराग दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला, वडील शशिकांतराव केंद्र सरकारच्या कचेरीत हिंदी अनुवादक. घरात आई मराठी बोलायची आणि वडील फायलींतली हिंदी. त्यातून पोराच्या पदरी जी मराठी पडली, तीत हा शब्द असा उलटा बसला होता. रेकॉर्डिंग संपलं की सांगू, असं पद्माकरने ठरवलं. मग उरलेल्या कचोऱ्या निघाल्या आणि राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी अबोलीचा फोन. हसून हसून तिला बोलता येईना. "बाबा, काकांना काही सांगू नका हं! लोकांना वाटतंय ते मुद्दाम टोमणा मारतात. माझ्या ऑफिसात सगळे वेडे झालेत."

सात नातेवाइकांचे सातशे श्रोते झाले, मग अकरा हजार. अनुरागचं नाव पडलं चेष्टाकाका. आणि पद्माकर? ज्याने एक सदोष नट-बोल्टसुद्धा गेटबाहेर जाऊ दिला नव्हता, तो आता दर रविवारी ही चूक आपल्या हाताने पास करू लागला. नुसती पास नाही. भाग रंगेना की हा साळसूदपणे विचारायचा, "मग अनुराग, नायिकेने काय केलं म्हणतोस?" आणि अनुराग बिचारा मनापासून सांगायचा.

सगळ्यांत वैताग म्हणजे अनुराग प्रतिक्रिया वाचायचा. 'काका, तुमच्यासारखी चेष्टा कुणालाच जमणार नाही.' हे वाचून त्याचे डोळे भरले. "बघ पद्या, लोकांना आपली मेहनत दिसते." एकदा तर तो नाचतच आला. साताऱ्याचा चुलतभाऊ गुलाबराव, ज्याने लहानपणी सुट्टीत त्याच्या मराठीची नक्कल करून त्याला सगळ्या आळीत 'दिल्लीचा भैया' करून टाकलं होतं, त्याने पॉडकास्ट घरच्या ग्रुपवर टाकला होता. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून.

"तुला ठाऊक आहे? त्याच्यामुळे मी साताऱ्यात तोंड उघडणं बंद केलेलं. चाळीस वर्षं! लग्नात सासऱ्यांशी पण इंग्लिश बोललो," अनुराग म्हणाला. "आता तोच म्हणतो, माझा भाऊ. बिल्कुल सांगतो यार, आता मला मराठी बोलायची भीती नाही वाटत."

त्या दिवशी पद्माकरला कचोरी गेली नाही. आता सांगावं तर हा पुन्हा गप्प होणार. न सांगावं तर कधीतरी कुणीतरी सांगणारच. त्याला स्वतःचा इतका राग आला की तो सुनंदावर ओरडला.

आणि मग ते आमंत्रण आलं. कुसुमावतीबाई दिल्लीला येणार होत्या. तीस वर्षं मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवलेली ही बाई. सत्तरीत तिने त्याच मुलांना घेऊन सिनेमा काढला होता. रविवारी सकाळी कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या सदनात तिचा सत्कार, आणि मंचावर मुलाखत घेणार 'पास का रिजेक्ट'चे दोन काका. अनुरागने तो सिनेमा तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा रडला. पद्माकरला त्यात चार चुका सापडल्या होत्या, पण रडू त्यालाही आलं होतं.

"अहो, आज तरी सांगा त्यांना," निघताना सुनंदा म्हणाली.

"सांगतो म्हटलं ना!"

गाडी पद्माकर चालवत होता. अनुराग नवा कुर्ता घालून शेजारी बसला होता, हातात स्वतः लिहिलेलं भाषण. धौला कुआँला गाड्या अडल्या तसं त्याने वाचायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत तो शब्द.

"तिथे प्रयत्न म्हण," पद्माकर म्हणाला.

"प्रयत्न फार साधा वाटतो यार. आणि लोक मला चेष्टाकाका म्हणतात. ती माझी ओळख आहे."

"अरे, पण ऐक तरी..."

"तू इथे पण क्वालिटी चेक करू नकोस ना प्लीज. आज मला बोलू दे."

मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. पण त्या वाक्याला लगेच दुसरं चिकटून येणार होतं, की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पद्माकरने गिअर टाकला आणि म्हणाला, "कर तुला काय करायचं ते."

सभागृह भरलं होतं. अनुराग उठला, बाईंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "या मुलांना बोलता येत नाही, ऐकू येत नाही. पण बाईंनी या मुलांना घेऊन जी चेष्टा केली आहे, तशी आजवर कुणी केली नाही."

मागच्या रांगा खदखदून हसल्या. कुणीतरी ओरडलं, "वा चेष्टाकाका!" टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बाईंच्या शाळेतल्या शिक्षिका बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत.

कुसुमावतीबाईंचा चेहरा पडला. "मी चेष्टा केली? माझ्या मुलांची?"

"हो बाई," अनुराग हसून म्हणाला, "जन्मभर."

आता मागचेही हसायचे थांबले. अनुरागने एकदा लोकांकडे पाहिलं, मग पद्माकरकडे. काय चुकलं हे त्याला कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय हे त्याला लहानपणापासून ओळखता येत होतं.

पद्माकरने माइक ओढला. "बाई, त्याला प्रयत्न म्हणायचंय. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तो नेहमीच तसं म्हणतो."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी अनुरागच्या हातावर हात ठेवला. मग त्या पद्माकरकडे वळल्या आणि शिक्षिकेच्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, मग यांना सांगितलं का नाहीत कधी?"

माइक चालू होता.

"लोक हसत होते," पद्माकर म्हणाला.

अनुरागने हातातल्या कागदाची घडी केली आणि उरलेली मुलाखत हिंदीत घेतली. एकही शब्द न अडखळता, इतकी सुंदर की बाईसुद्धा खुलल्या. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. पद्माकर पूर्ण वेळ शेजारच्या खुर्चीत नुसता बसून होता.

परतताना अनुरागने फोन काढला आणि पहिल्या भागापासून एकेक प्रतिक्रिया वाचायला लागला. धौला कुआँ गेलं, विमानतळ गेला, जुन्या टोलनाक्याची जागा गेली. तो वाचतच होता. मध्येच गुलाबरावाच्या मेसेजवर थांबला, बराच वेळ.

"अनुराग, शिव्या घाल," पद्माकर अखेर वैतागून म्हणाला. "कान उपट माझे. पण बोल काहीतरी, बाबा!"

"आगे बाएँ रोक दीजिए, पद्माकर जी. मैं ऑटो ले लूँगा."

"दीजिए काय? जी काय? मी आहे मी! मराठीत बोल माझ्याशी."

गाडी थांबली होती. अनुराग उतरला आणि खिडकीशी वाकला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच पद्माकरला सोसेना.

"मराठी बोलूँगा तो आपको हँसी आ जाएगी," तो म्हणाला आणि ऑटोला हात करायला वळला.