बेलिफांनी बजावलेली शिष्यवृत्ती

"घरात सज्ञान कोण आहे?"

कुठल्याही दारात उभं राहून ते आधी हेच विचारायचे. अलिबागच्या कोर्टात ते बेलीफ होते. समन्स घरातल्या सज्ञान माणसाच्या हातात द्यायचं आणि सही घ्यायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं. मी त्याच कोर्टात कारकून. माझ्याकडे चहाला आले तरी दारातून हाच प्रश्न. बायको आतून सांगायची, "हे आहेत, पण सज्ञानाचं काही सांगता येत नाही."

ते हसायचे नाहीत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याशी विनोद केला की तो आपल्यालाच समजावून सांगावा लागतो.

त्यांना एक मोठी बहीण होती. घरात एकालाच शिकवणं जमणार होतं. ताई वर्गात पहिली यायची, हे पास व्हायचे. शिकवलं ह्यांना. हे मुंबईला कॉलेजात गेले आणि ताई पेणकडे मिठागरावर कामाला. ती वारली तेव्हा हे निवृत्तीला आले होते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून एक कागद टाइप करून घेतला: ताईच्या स्मृतीसाठी शिष्यवृत्ती, आपल्या समाजातल्या मुलींसाठी, पण ह्यांच्याच जुन्या कॉलेजात जाणार असेल तरच.

"ही अट कशाला? बाकीची कॉलेजं वाईट आहेत का?" मी विचारलं.

"चांगली आहेत. पण आमच्या लोकांना पाण्याला शिवू देत नव्हते, तेव्हा हे कॉलेज आमच्यासाठी निघालं. उपकार काही फिटत नाहीत. येणं-जाणं तरी ठेवावं."

शिष्यवृत्तीचं पत्र पोस्टाने पाठवणं त्यांना मान्य नव्हतं. ते स्वतः जाऊन बजावायचे.

तळा तालुक्यातल्या एका गावात मुलीच्या वडिलांनी त्यांना दोनदा परत पाठवलं. "पोरगी मुंबईत एकटी ऱ्हायची न्हाय," एवढंच उत्तर. लावणीला माणूस कमी पडेल, हे ते बोलले नाहीत, पण ओटीवरून शेत दिसत होतं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मला सोबत नेलं.

"घरात सज्ञान कोण आहे?"

"मी हाय," वडील म्हणाले. "नि मी न्हाय म्हनतो."

"दुसरं कोण?"

दारामागून मुलगी बाहेर आली. हाताला पीठ.

"मी हाय," ती म्हणाली. "आजपास्नं."

अर्जाला जोडलेल्या शाळेच्या दाखल्यावरून त्यांनी तिची जन्मतारीख पाहून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

तिने ओढणीला हात पुसले. ती सही करत असताना ह्यांनी खालची फाइल दोन्ही हातांनी घट्ट धरली. वडील उठून गोठ्यात गेले.

परतीच्या एसटीत "बजावणी झाली" एवढं म्हणून त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. रोह्यापर्यंत तीनदा चष्मा पुसला. बाहेर धूळ नव्हती.

वडील मुलीशी वर्षभर बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी तांदळाची गोण घेऊन हॉस्टेलवर गेले, ती दारात ठेवली आणि तसेच परत आले.

गेल्या हिवाळ्यात आमचे बेलीफ गेले. मूलबाळ नव्हतं. भावकीतली माणसं अंगणात उभी होती आणि खांदा कुणी द्यायचा ते ठरत नव्हतं. सकाळच्या बोटीने मुंबईहून चौघी जणी आल्या होत्या, चौघीही त्याच कॉलेजात शिकलेल्या. त्यांत ती होती. आता ती तिथेच शिकवते. कुणाला न विचारता चौघींनी तिरडी उचलली.

त्यांची उंची सारखी नव्हती. तिरडी तिच्या बाजूला कलली, तशी ती टाचा उचलून चालू लागली. तिची पर्स आणि चपला हातात धरून तिचे वडील शेजारून चालत होते.