तांदळात लिहिलेलं नाव

कॉलेजात प्रवेश घ्यायला जायच्या आदल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे यादी केली. मूळ मार्कशीट, झेरॉक्स, आधार, फोटो, स्टेपलर, जास्तीचं पेन, पाण्याची बाटली. सगळ्यांपुढे बरोबरची खूण. माझ्या याद्यांना घरात हसतात, आणि वस्तू सापडली नाही की माझ्याकडेच येतात.

कम्युनिटी कॉलेजातला अन्नप्रक्रियेचा डिप्लोमा मी हौसेसाठी करत नव्हते. इथे भोपाळला गोविंदपुऱ्यात एका बाईंचं मसाल्याचं युनिट आहे, तिथे मी अर्धवेळ पॅकिंगवर देखरेख करायची. पूर्णवेळ सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, "भाभी, डिप्लोमा में नाम लिखवा लो, रसीद दिखा दो, कुर्सी आपकी. नहीं तो मुझे बाहर से किसी को लेना पड़ेगा." कागद तपासायला कॉलेजाने मला तारीख दिली ती नेमकी शेवटची. चार वाजता खिडकी बंद होणार होती.

खिडकीतल्या बाबूंनी मार्कशीट पाहिली, आधार पाहिलं, पुन्हा मार्कशीट पाहिली.

"मैडम, ये मार्कशीट किसकी है?"

"मेरी."

"सरनेम अलग, बीच का नाम अलग. चलो, शादी हो गई, मान लिया. पर पहला नाम भी अलग है. पहला नाम कौन बदलता है?"

मी सांगितलं, आमच्यात लग्नात बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, मग ते सगळ्यांना दाखवायचं.

"चावल का सर्टिफिकेट मिलता है?" बाबूंनी विचारलं. मागच्या रांगेत हसू फुटलं.

यादी करताना दोन्ही कागद माझ्या हातात होते. दोन्हींवर वेगवेगळी बाई आहे हे मला दिसलं नाही. माझ्या आईला दोन नावं होती, सासूबाईंना दोन, नणंदेलाही दोन. आमच्याकडे कुणालाच ते दिसलं नसतं. रेशनकार्डापासून बँकेपर्यंत माझं सगळं नव्या नावाने झालं होतं, आणि बारावीची मार्कशीट मी लग्न होऊन नगरहून आले तेव्हापासून ट्रंकेत पडून होती. तिची कधी गरजच पडली नव्हती.

बाबू वाईट नव्हते. त्यांनी कागद परत सरकवले आणि आवाज खाली आणला. "नोटरी से दो शपथपत्र बनवा लाइए. एक आपका, एक ऐसे किसी का जो आपको शादी के पहले से जानता हो. चार के बाद पोर्टल मेरे हाथ में नहीं."

लग्नाआधीपासून मला ओळखणारं भोपाळमध्ये कोण? आईवडील गेले, भाऊ नगरला. राहता राहिले माझे यजमान. लग्नाआधी ते मला बघायला आले होते, तेवढीच ओळख. सकाळी निघताना ते म्हणाले होते, "तुला करायचं ते कर, मला त्यात ओढू नकोस." मी फोन लावला.

"अहो, आधार घेऊन कोर्टाशी या."

"आत्ता? मी जेवायला बसलोय."

"झाकून ठेवा."

मी रिक्षाने पोचले. ते आनंद नगरहून स्कूटरवर येणार होते, आणि वाटेत मेट्रोच्या कामाचे पत्रे. नोटरींच्या टेबलाशी उभी राहून मी फाटकाकडे बघत होते. टायपिस्टने माझं शपथपत्र टाइप करून टाकलं, चहा मागवला, प्यायला. नोटरीसाहेब टिफिन उघडायच्या बेतात होते, तेव्हा हेल्मेट हातात घेऊन हे आले.

"शादी के पहले पत्नी का पूरा नाम बोलिए," टायपिस्ट म्हणाला. मी तोंड उघडलं तसा त्याने हात वर केला. "आप नहीं मैडम. शपथ इनकी है, ये बोलेंगे."

यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं.

मला एकदम लक्षात आलं की ते नाव यांच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं. घरात मी 'अगं'. लोकांसमोर, ताटात लिहिलेलं नाव. ते यांनीच निवडलं होतं, मला न विचारता. तांदळातलं ते नाव मी पाहुण्यांबरोबरच पहिल्यांदा वाचलं होतं. जुनं नाव यांच्या लक्षात असावं असं काही घडलंच नव्हतं इतक्या वर्षांत. मी सांगायला गेले तर शपथ खोटी, आणि हे चुकले तर खुर्ची गेली. मी फाइल छातीशी धरून उभी राहिले.

यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग नाव घेतलं. माझं, माझ्या वडिलांचं, माहेरचं आडनाव. न अडखळता.

परत कॉलेजाकडे जाताना मी स्कूटरवर मागून विचारलं, "लक्षात होतं तुमच्या?"

"तुला बघायला आलो तेव्हा तुझ्या वडिलांनी आत बघून दोनदा हाक मारली. तू येईनास. मला वाटलं, मुलीला पसंत नाही बहुतेक."

"नव्हतंच."

"नीट बस," ते म्हणाले.

खिडकी अजून उघडी होती. बाबूंनी शिक्के तपासले आणि विचारलं, "एडमिशन मार्कशीट के नाम से होगा. डिप्लोमा भी उसी नाम से. चलेगा?"

हे शेजारीच उभे होते, भिंतीवरची फीची पाटी वाचत. मी म्हटलं, "चलेगा."

युनिटच्या बाईंना पावती दाखवली, सोबत शपथपत्राची प्रत. त्यांनी दोन्ही नावं वाचली. "तो कुर्सी किसको दूं, भाभी?"

"जो पहले आ जाए."

वर्ग सुरू झाले त्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसले. वही, पेन, डबा, सगळं जागेवर. सर हजेरी घेत होते. एक नाव त्यांनी घेतलं, ओ आली नाही. त्यांनी वर बघितलं, पुन्हा तेच नाव घेतलं आणि पेन गैरहजेरीच्या रकान्याकडे नेलं. मी इकडेतिकडे बघितलं, कोण बेजबाबदार मुलगी आहे म्हणून. मग उभी राहिले.