तिसऱ्या प्रतीतला ठिपका

खोपोलीतल्या एका छोट्या रुग्णालयात मी नवीनच नर्स म्हणून लागले होते. त्याच वर्षी औषधं लिहायला कार्बनची वही आली. वरची प्रत डॉक्टरांकडे राही, दुसरी औषधखोलीत जाई, तिसरी वॉर्डात आमच्याकडे येई. पुन्हा पुन्हा उतरवून काढायची कटकट संपली, म्हणून सगळेच खूश होते. मीही होते.

एका दुपारी दम्याने घुसमटलेले एक शेतकरी काका आले. आमच्या प्रतीवर इंजेक्शनचं प्रमाण होतं ५ मिली. कुप्या एकेका मिलीच्या होत्या. दुसरी फोडताना, एका माणसाला पाच कुप्या कशा, म्हणून माझा हात थांबला आणि मी डॉक्टरांकडे धावले. त्यांच्या प्रतीवर .५ होतं. ठिपका आमच्यापर्यंत उमटलाच नव्हता.

अर्ध्या मिलीने काकांचा श्वास मोकळा झाला.

"कुटं पळालीस गं बाय?" त्यांनी विचारलं.

"काय नाय, काका. पडून राहा."

त्या दिवसापासून डॉक्टर प्रमाण अक्षरांत लिहू लागले. त्याच संध्याकाळी मी वॉर्डातला जुन्या प्रतींचा गठ्ठा सोडला. चार महिन्यांच्या त्या कागदांवर एकही ठिपका दिसेना. त्यातली बरीच माणसं बरी होऊन घरी गेली होती. काही गेली नव्हती, आणि त्यांच्याबद्दल आता कुणाला विचारावं, मला कळेना.