आज दहा आहे

आमच्या पेट्रोलपंपावर टाक्या भरणाऱ्या काकांना सगळे दीडशहाणे म्हणायचे आणि ते हसून ओ द्यायचे. पंप अगदी सीमेला लागून. पलीकडे अंतर मैलांत आणि थंडी फॅरनहाइटमध्ये, आपल्याकडे किलोमीटर आणि सेल्सिअस. टाकी भरता भरता ते प्रत्येक गाडीवाल्याला पढवायचे, "तिकडे पाटीवर पन्नास दिसलं की तुमच्या काट्यावर ऐंशी. दीडपट करा, वर थोडं घाला. बत्तीस म्हणजे उकाडा नाही, पाणी गोठतं. आणि रस्त्याच्या आधी पूल गोठतो, तिथे ब्रेकवर पाय नको." लोक मान डोलवून काच वर करायचे. कशाला घसा कोरडा करता, असं मी गल्ल्यावरून शंभरदा ओरडले असेन.

गंमत म्हणजे ते स्वतः कधीच पलीकडे गेले नव्हते. एकुलती लेक तिकडे राहायची, पण परवान्याच्या खिडकीवरचा साहेब दरवेळी अर्ज परत करायचा. कारण विचारलं की खिडकी बंद. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, मीच येते."

निघायच्या सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी समोरच होते. "थंडी किती आहे हो तिकडे?"

बाहेर उणे बारा होतं. लेकीला आकडेमोड नको म्हणून त्यांनी मनातल्या मनात तिच्या मापात, फॅरनहाइटमध्ये बदललं आणि म्हणाले, "आज दहा आहे."

"बरं, निघतेच मग."

तिला वाटलं, बाबा आपल्या जुन्या मापातच सांगणार. दहा सेल्सिअस म्हणजे स्वेटरची हवा. हे तिनेच नंतर सांगितलं. तिचं गाव खाली मैदानात, तिथे ऊन पडलेलं. बर्फात चालणारे टायर न चढवता ती निघाली. पुलाचं तर त्यांनी अख्ख्या जगाला सांगितलं होतं, तिला सांगायचं राहिलं.

सीमेपलीकडच्याच एका पुलावर गाडी घसरली आणि कठडा तोडून खाली गेली. जीव वाचला, कमरेखालचं अंग गेलं. दवाखाना सीमेपासून बावीस मैलांवर आहे. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून पुन्हा अर्ज केला. साहेबाने तोही परत केला. मला त्या माणसाचं नरडं धरावंसं वाटलं, पण ते नुसतं "बरं" म्हणून कामावर आले.

हल्ली ते कुणाला काही सांगत नाहीत. गाडीवाल्याने विचारलंच तर "पाट्या बघा" म्हणतात. दीडशहाणे म्हणायला आता कुणाची जीभ रेटत नाही.

दुपारी लेकीचा फोन येतो. काल तिने सवयीने विचारलं, "थंडी किती आहे, बाबा?"

ते बाहेर जाऊन पारा बघून आले. मग म्हणाले, "तुझ्या मापात सांगू, की आपल्या?"

"कुठल्याही सांगा," ती म्हणाली. "मला कुठे बाहेर पडायचंय."