लंबा दाहिने, छोटा बाएँ

“त्यानं मला इचारलंच न्हाई, मॅडम.”

सुभेदार भरमू गावडे हे वाक्य तिसऱ्यांदा म्हणाले, तेही पहिल्या दोन वेळांसारखंच सपाट. आवाजात राग नाही, गयावया नाही, आणि ज्याची मी वाट बघत होते ते दुःखही नाही. समोरचा चहा निवून गेला होता. बसायला सांगूनही ते खुर्चीच्या कडेवर टेकल्यासारखे बसले होते, पाठ ताठ.

खरं सांगते, मला ते आवडले नाहीत.

मी लष्कराच्या जॅग ब्रँचमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. जॅग ब्रँच म्हणजे लष्कराचं स्वतःचं वकील खातं. मूळची मी बेळगावची. आता हेब्बाळला घर आहे आणि घरातल्याच एका खोलीत ऑफिस. निवृत्तीनंतर मी कोर्ट मार्शलमध्ये आरोपींच्या बाजूनं उभी राहते. कोर्ट मार्शल हे लष्कराचं स्वतःचं न्यायालय. तिथे निकाल देणारा कुणी न्यायाधीश नसतो. गणवेशातले पाच अधिकारी मेंबर म्हणून बसतात, पुरावा ऐकतात आणि बहुमतानं निकाल देतात. कायदा समजावून सांगायला शेजारी एक जॅग अधिकारी असतो, पण त्याला मत नसतं.

सुभेदार गावडे चंदगड तालुक्यातले. इथल्याच एका ट्रेनिंग सेंटरमध्ये ते रिक्रूटांचे इन्स्ट्रक्टर होते. त्यांच्या स्क्वॉडमधला महांतेश नावाचा रिक्रूट पहाटेच्या दौडीत कोसळला आणि दुपारी हॉस्पिटलमध्ये वारला. अंगात ताप असताना पळाल्यामुळे जिवावर बेतलं, असं डॉक्टरांनी लिहिलं.

आता आरोप. माणूस आजारी असेल तर आदल्या संध्याकाळच्या हजेरीला तो स्क्वॉड सीनियरला सांगतो. स्क्वॉड सीनियर म्हणजे रिक्रूटांमधलाच एक, मॉनिटर म्हणा. तो वहीत नाव लिहितो आणि सकाळी त्या माणसाला दौडीऐवजी डॉक्टरकडे पाठवतात. याला सिक रिपोर्ट म्हणतात. महांतेशचं नाव वहीत नव्हतं. पण स्क्वॉड सीनियर प्रीतमनं जबाब दिला होता की पहाटे पावणेसहाला, दौडीच्या तोंडावर, महांतेशनं हळू आवाजात सुभेदारांकडे सिक रिपोर्ट मागितला आणि सुभेदार म्हणाले, “सिक रिपोर्ट नहीं, दौड़ो.” हे आपण स्वतःच्या कानांनी ऐकलं, असं त्याचं म्हणणं.

एवढाच साक्षीदार. शेजारी उभे असलेले आपलं लक्ष नव्हतं म्हणाले, बाकीच्यांनी ते प्रीतमकडून ऐकलेलं. पण सगळ्या सेंटरचा त्यावर विश्वास होता, कारण सगळं सेंटर गावडेंना ओळखून होतं. इतका कडक इन्स्ट्रक्टर तिथे दुसरा नव्हता. रिक्रूट सोडा, त्यांच्याबरोबरचे सुभेदारसुद्धा त्यांच्याशेजारी जेवायला बसत नसत. सिद्ध झालं तर तुरुंग आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीतून बडतर्फी.

केस घेतल्याचं कळल्यावर माझ्या एका जुन्या बॉसचा फोन आला. “तुला दुसरं काही मिळालं नाही का? पोरगं मेलंय.”

“म्हणूनच कुणीतरी नीट बघायला हवं, सर,” मी म्हटलं. बोलायला सोपं होतं. मला स्वतःला सुभेदारांचं म्हणणं निम्मंच पटलं होतं.

ट्रायलचे पहिले तीन दिवस वाईट गेले. कोर्ट सेंटरच्या जुन्या लायब्ररीत भरायचं. आरोपीला टोपी आणि बेल्टशिवाय उभं करतात. सुभेदारांचा हात अधूनमधून कमरेकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. प्रीतमनं साक्ष दिली. एकोणीस वर्षांचा, बुटका, चुणचुणीत मुलगा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. मी तासभर उलटतपासणी घेतली आणि माझ्या हाती काही लागलं नाही. प्रॉसिक्यूटर होते एक मेजर. त्यांनी जाताना माझ्यासाठी दार धरलं. जिंकणारी माणसं अशी सभ्य वागतात, तेव्हा फार चिडायला होतं.

तिसऱ्या दिवशी गेटबाहेर महांतेशचे वडील उभे होते. बसप्पा. बागलकोटकडचे, सरकारी बसवरून निवृत्त झालेले कंडक्टर. के. आर. पुरमला पुतण्याकडे उतरून रोज दोन बस बदलून यायचे आणि मागच्या बाकावर बसायचे. कामकाज इंग्रजी-हिंदीत, त्यातलं त्यांना किती कळत होतं देव जाणे. पार्किंगवाल्याशी मी कन्नडमध्ये बोलले ते ऐकून ते पुढे आले.

“अक्का, तुम्ही आमच्याकडच्या दिसता,” ते कन्नडमध्ये म्हणाले. “आणि त्याच्या बाजूनं उभ्या राहता?”

प्रत्येक आरोपीला वकील मिळाला पाहिजे, हे वाक्य मी शंभरदा म्हटलेलं आहे. त्या माणसासमोर मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागले.

त्यांनी शर्टाच्या खिशातून फोटो काढला. घराच्या दारात गणवेशातला महांतेश, डोकं चौकटीला लागतंय. “बघा. बघून ठेवा कुणाचा जीव गेला ते. सव्वासहा फूट. आमच्या घराण्यात एवढा कुणी नाही. फोनवर सांगायचा, अप्पा, ते सुभेदार रोज आम्हाला उंचीनं उभं करतात आणि मी रोज पहिला असतो.”

मी फोटो परत दिला. घरी गाडी चालवताना सिल्क बोर्डाच्या सिग्नलपर्यंत... नाही, सिल्क बोर्ड माझ्या वाटेवर नाहीच. सांगायचा मुद्दा, मी त्या दिवशी चुकीच्या रस्त्याला लागले आणि अर्ध्या तासानं ते माझ्या लक्षात आलं. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. उंचीनं उभं करतात.

घरी पोचल्याबरोबर सुभेदारांना फोन लावला. “गावडे साब, दौडीआधी तुम्ही स्क्वॉड कसा उभा करायचा?”

“लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाइन में, कदवार,” ते म्हणाले. ही ड्रिलमधली जुनी कमांड. सगळ्यांत उंच माणूस उजव्या टोकाला, मग उतरत उतरत सगळ्यांत बुटका डाव्या टोकाला. “बाकीचे तीन लायनी करत्यात. मी एकच करतो. एकेकाचं तोंड बघत जाता येतंय.”

“रोज?”

“रोज.”

“आणि हे मला आधी का सांगितलं नाही?”

“तुम्ही कुठं इचारलंत?”

फोन आपटावासा वाटला. पण चूक माझीही होती. चोवीस वर्षं गणवेशात काढून माझ्या डोळ्यांपुढे तीन ओळीच होत्या, कारण सगळे तशाच करतात.

भरतीच्या कागदांवर प्रत्येकाची उंची असते. महांतेश छत्तीस जणांत पहिला. बापाचा सव्वासहा कागदावर सहा फूट एक इंच होता, तरी पहिला. प्रीतम छत्तिसावा.

मी प्रीतमला पुन्हा बोलावून घ्यायची परवानगी मागितली.

“दौडीआधी स्क्वॉड कसा उभा होता?”

“एका लाइनीत, मॅडम. कदवार.”

“तू कुठे?”

“बाएँ. शेवटचा.”

“महांतेश?”

त्याची नजर मेजरांकडे गेली. “दाहिने.”

मेजर उठले. “पहाटेची वेळ आहे, मैदान शांत असतं. आवाज पोचतो.”

अध्यक्ष असलेल्या कर्नलांनी चष्मा काढला. “पोचतो का ते बघू या. उद्या पावणेसहाला, त्याच मैदानावर.”

हे माझ्या मनात होतंच, पण ते त्यांच्या तोंडून आलेलं बरं. तरी रात्री झोप लागली नाही. आवाज पोचला असता तर माझ्या अशिलाला मीच तुरुंगात घातलं असतं.

लष्करात छत्तीस माणसं उभी करायला वेळ लागत नाही. दुसऱ्या बॅचचे रिक्रूट आणून उंचीनं उभे केले. डाव्या टोकाला प्रीतम. उजव्या टोकाला महांतेशच्या उंचीचा एक मुलगा. मी पावलं मोजली, बत्तीस भरली. बसप्पा कुंपणापाशी उभे होते. ते सारखं त्या उंच मुलाकडेच बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

सुभेदारांची जागा मेंबरांमधल्या सर्वांत ज्युनियर कॅप्टननं घेतली. तो उजव्या टोकाच्या मुलासमोर थांबला, बेताच्या आवाजात एक वाक्य बोलला. मुलानं हळू उत्तर दिलं. कॅप्टन परत आला.

कर्नलांनी प्रीतमला विचारलं, “काय ऐकलंस?”

प्रीतमची नजर समोर होती. “सिक रिपोर्ट नहीं, दौड़ो, सर.”

कर्नलांनी कॅप्टनकडे पाहिलं.

“सर, मी त्याला विचारलं, नाश्त्याला काय आहे,” कॅप्टन म्हणाला. “तो म्हणाला, पुरी-भाजी.”

कुणीच हसलं नाही. लाइनीत हलायचं नसतं, म्हणून प्रीतम हलला नाही. सावधानमध्येच उभा राहून रडायला लागला.

खरं काय ते त्यानं त्याच सकाळी कोर्टात सांगितलं. महांतेशनं आदल्या संध्याकाळी सिक रिपोर्ट मागितला होता, पण तो प्रीतमकडे. प्रीतम म्हणाला होता, “उद्याची दौड होऊ दे, मग नाव लिहितो.” कारण काही दिवसांपूर्वी दोघांनी सिक रिपोर्ट केला होता, डॉक्टरांनी त्यांना ठणठणीत म्हणून परत पाठवलं होतं, आणि त्याबद्दल सुभेदारांनी अख्ख्या स्क्वॉडला रगडा दिला होता. रगडा म्हणजे लोळवणं, रांगवणं, पाठीवर सामानानं भरलेला पिठ्ठू घेऊन उड्या. महांतेश गेल्यावर सगळ्यांनी प्रीतमला घेरलं, तुला सांगितलं होतं का म्हणून. तो घाबरला. सुभेदारांचं नाव घेतलं. कुणीही उलट प्रश्न विचारला नाही. गावडे असंच वागणार, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

दोन दिवसांनी कोर्ट निकालासाठी बंद झालं. आत मतं सर्वांत ज्युनियर मेंबरपासून घेतात, म्हणजे सीनियरचं तोंड बघून कुणी मत देऊ नये. लष्करातली ही पद्धत मला सर्वांत आवडते. गावडेंच्या स्क्वॉडमध्ये असली काही सोय नव्हती, हे माझ्या मनात त्याच वेळी आलं.

निकाल: नॉट गिल्टी. आरोप होता सिक रिपोर्ट नाकारल्याचा. तो त्यांच्याकडे कुणी मागितलाच नव्हता. वरून मंजुरी यायला दोन महिने लागले, तीही आली. प्रीतमची वेगळी चौकशी झाली. त्याला घरी पाठवल्याचं ऐकलं.

निकालाच्या दिवशी सुभेदार लायब्ररीच्या पायरीवर बसले होते. मी अभिनंदन केलं. त्यांनी मान वर केली नाही.

“मॅडम, त्यानं मला इचारलं न्हाई, हे मी पहिल्याच दिशी सांगितलं.”

“हो. मी निम्मंच मानलं होतं. माझं चुकलं.”

“तसं न्हवं. का इचारलं न्हाई, हे तुम्ही मला इचारलं न्हाईत.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “त्या दिशी मी त्याच्यासमोर थांबलो हुतो. तोंड बघितलं. डोळं लाल हुतं. म्हटलं, काय असंल तर बोलंल. मला बोलायची कुणाची टाप हुती, मॅडम? मीच तसं करून ठेवलं हुतं.”

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. हे आधी कळलं असतं तरी मी केस तशीच लढले असते. चार्जशीटमध्ये जे लिहिलेलं असतं त्यावरच कोर्ट चालतं, आणि हे त्यात नव्हतं. तरीही त्या पायरीवर मला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

गेटपाशी बसप्पा थांबले होते. हातात प्लास्टिकची पिशवी, रात्रीच्या गाडीनं परत निघालेले.

“अक्का, मी फोटो दाखवला म्हणून तो सुटला ना?”

खोटं बोलणं सोपं झालं असतं. “हो,” मी म्हटलं. “तुम्ही उंचीचं बोललात, त्यावरून मला सुचलं.” मला अतिशय लाज वाटत होती, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. बस आली, गेली.

“म्हणजे माझ्या पोरानं सांगितलं होतं,” ते शेवटी म्हणाले. “मला वाटत होतं, लाजून बोललाच नाही की काय. लहानपणी पण अंगावरच काढायचा.”

“सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळीच. वर कुणी पोचवलं नाही.”

“सरी,” ते म्हणाले, म्हणजे बरं, आणि पिशवी उचलून स्टॉपकडे चालू लागले.

पहिल्या भेटीत अशिलाला विचारायच्या प्रश्नांचा एक छापील कागद माझ्याकडे असतो. नाव, रँक, आरोप, तारीख, साक्षीदार. त्याच्या तळाशी आता मी एक प्रश्न हातानं लिहिते: ‘तुमच्यासमोर माणसं काय बोलायला घाबरतात?’ कोर्टात त्याचा काही उपयोग होत नाही. बहुतेक जण ती ओळ कोरीच सोडतात.