उचकीची मिरची

माझी बायको मिरच्या लावायची आणि त्या खाऊन मी उचक्या द्यायचो. संसारात एवढं एक काम मी न चुकता केलं.

मी लातूरच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलणारा हमाल होतो. शिक्षण चौथी, तीही अर्धी. घरामागं न्हाणीचं पाणी जायचं तिथं चार हात जागा होती. तिथं तिची मिरचीची पाच-सहा झाडं आणि टमाट्याची दोन, तुराट्यांना पोत्याच्या सुतळीनं बांधलेली. मिरची करंगळीएवढी, टोकाला वाकडी. दिसायला गरीब. पण भाकरीबरोबर एक चावली की दुसऱ्या घासाला मला उचकी हजर. बाजारची कितीही तिखट मिरची खाल्ली तरी घाम येई, नाक गळे, पण उचकी म्हणून नाही. असं का, ते मला आजवर कळलं नाही. ती म्हणायची, "कोण आठवण काढून राहिलं तुमची? मी तर हितं समोर बसलेय. दुसरी कोणी हाय का?"

मोठा दुष्काळ पडला तेव्हा मोंढा बंद पडल्यासारखा होता. मी खडी फोडायच्या कामावर जायचो. घरी पाण्याचा एक थेंब तीन कामं करायचा. तांदूळ धुवायचे, त्याच पाण्यात भांडी विसळायची, मग ते मिरचीच्या बुडाला. त्या वर्षी संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका येणार आणि वाण द्यायला घरात काही नाही. तिनं मिरचीचं बी राखेत घोळलं आणि माझ्यापुढं जुनी रद्दी टाकली. "पुड्या बांधा."

"लोक हसतील," मी म्हणालो.

"हसू द्या. पाणी आल्यावर खातील."

मी पुड्या बांधल्या. तिची धाकटी बहीण तेव्हा सणाला आलेली. एक पुडी ती मुदखेडला घेऊन गेली.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. साहेब आले, जीपा आल्या, रंग दिलेल्या पाट्या आल्या. त्याच वर्षी ती गेली. तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल मला लिहिता येत नाही, म्हणून झाडांबद्दल लिहितो.

गाडग्यात तिनं राखेत ठेवलेलं बी होतं. मी ते सगळंच्या सगळं पेरलं. थोडं मागं ठेवावं ही अक्कल तिची, माझी नव्हे. त्याच दिवसांत नव्या शेतकी ऑफिसात ढोबळ्या मिरचीची आणि नव्या जातीच्या टमाट्याची रोपं वाटून राहिले होते. ती होती तोवर तिनं तिथं दुसरी मिरची लावू दिली नव्हती, आणि जी तिखट नाही तिला मिरची का म्हणतात, हे मला बघायचं होतं. म्हणून दोन-दोन रोपं आणली आणि जागा नव्हती म्हणून तिच्या झाडांच्या मधोमध लावली. ढोबळी आली. चिरली तर आत सगळा वारा. खाल्ली, भोपळ्याची बहीण निघाली.

तिच्या झाडांचं बी मात्र मी त्या वर्षी आठवणीनं धरलं. पुढच्या वर्षी लावलं. पाण्याची ओढ होती, मिरचीची तीनच झाडं जगली. तिन्हींना आली ती मिरची आखूड, जाड सालीची, खांदे फुगलेली. मी एक चावली. तिखट होती. उचकीची वाट बघत बसलो. आली नाही. दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. पोटात आग पडली, पण उचकी नाही.

मी शेतकी ऑफिसात गेलो. म्हणालो, "साहेब, माझं बी कुणीतरी बदललं."

साहेब तरणा होता, पण शहाणा. म्हणाला, "तुम्हीच बदललं, बाबा. ढोबळी शेजारी लावली ना? माशी हिच्यावरून तिच्यावर बसते."

"मग टमाटे कसे काय जसेच्या तसे राहिले? तेबी शेजारीच होते."

"टमाट्याचं फूल दार लावून घेतं. त्याचं आतल्या आत उरकतं."

मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मोंढा बुडवला आणि सकाळभर झाडांपुढं उकिडवा बसलो. मिरचीच्या फुलावर बारकी माशी येई, जाई, परत येई. टमाट्याच्या फुलाकडं तिनं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. साहेबाचं खरं होतं. बायको इतकी वर्षं दुसरी मिरची का लावू देत नव्हती, ते तिथं बसल्यावर कळलं. तिला कुणी सांगितलं होतं, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

म्हणजे ती गेली आणि तिची मिरची मी घालवली. मग गल्लीत वाणाच्या पुड्या शोधायला लागलो. शेजारीण म्हणाली, "ते बी? भाऊ, आम्ही तवाच फोडणीत घातलं." दुसरीचं घर पोट भरायला गेलं ते परत आलं नव्हतं. उरली मेहुणी. नांदेडपर्यंत एस.टी. आणि पुढं रेल्वे करून मुदखेडला गेलो.

दारातून आत गेलो तशी मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यांत दोन झाडं दिसली. मिरची बारीक, टोकाला वाकडी. मी सगळं सांगितलं आणि बी मागितलं.

मेहुणी म्हणाली, "दाजी, वाण कुणी परत मागतं का? अक्कानं मला कुंकू लावून दिलंय. मी देणार न्हाई."

"वाण नको. नुसतं बी दे."

"बी म्हंजेच वाण की. जेवून जावा."

मी जेवायला बसलो. बायकांच्या रिवाजापुढं हमालाचं काय चालणार? तिनं ताट आणलं. पिठलं, भाकरी, टमाट्याची चटणी. कडेला दोन मिरच्या, एक हिरवी आणि एक झाडावरच पिकून लाल झालेली.

"लाल कशाला?"

"पाव्हण्याच्या ताटात काय वाढायचं ते मी बघीन. खायची का खिशात घालायची, ते तुमचं तुमी बघा."

मी हिरवी चावली. दुसरा घास तोंडात आणि उचकी आली. मग दुसरी, मग धरूनच बसली. मेहुणीनं तांब्या पुढं केला.

"दाजी, पाणी प्या की."

"थांब जरा," मी म्हणालो. "लागू दे."

ती तांब्या हातात धरून उभी राहिली. मी लाल मिरची टोपीच्या घडीत घातली, तेव्हा तिनं अंगणाकडं बघितलं.